हजार प्रतींतली एक

पगार वीस तारखेलाच संपतो, घर दोन खोल्यांचं आहे, पुस्तकांना एकच कपाट आहे आणि त्याचा खालचा कप्पा मुलांच्या दप्तरांनी अडवलाय. तरीही ‘रणांगण’, ‘कोसला’ किंवा ‘बनगरवाडी’ आपल्या घरात असावी, आणि तीही हाताला भावेल अशा आवृत्तीत असावी, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे सांगणं आहे. जुन्या आवृत्त्या जमवणं हा पैसेवाल्यांचा शौक, असं आपण धरून चालतो. मराठी कादंबऱ्यांच्या बाबतीत ते खरं नाही. इथे वेळ लागतो, थोडी माहिती लागते आणि महिन्याकाठी दोन-तीनशे रुपये लागतात. एवढं ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे काम जरूर हाती घ्यावं. ते करायला दुसरं कुणी येणार नाही.

असं का म्हणतो, ते सांगतो. मराठीत एका आवृत्तीच्या हजार-अकराशे प्रती काढायची पद्धत फार जुनी आहे. त्यातल्या बऱ्याचशा सार्वजनिक ग्रंथालयांत जायच्या. तिथे पुस्तक आलं की वरचं वेष्टण काढलं जायचं, जाड पुठ्ठ्याची बांधणी व्हायची, कडा छाटल्या जायच्या, कण्यावर क्रमांकाची चिठ्ठी चिकटायची. शेकडो हातांत पुस्तक टिकावं म्हणून हे करणं भागच होतं, त्यात ग्रंथपालांचा काही दोष नाही. पण चित्रकाराने मन लावून केलेलं मुखपृष्ठ, मलपृष्ठावरचा मजकूर, वेष्टणाच्या आतल्या घडीवरची लेखकाची ओळख, हे सगळं तिथे गेलं ते गेलंच. ते टिकलं असेल तर साध्या माणसांच्या घरांत. आणि त्या घरांची सध्या आवराआवर चालली आहे. वाडे पाडून इमारती उठताहेत, जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत, आणि सामान हलवायची वेळ आली की सगळ्यांत आधी पुस्तकं दाराबाहेर जातात, किलोच्या भावाने. एखाद्या आवृत्तीच्या हजार प्रतींपैकी वेष्टणासकट धडधाकट किती उरल्या असतील याचा अंदाज तुम्हीच करा. त्यातली एक तुमच्या कपाटात आली, तर ती वाचली.

पण म्हणून दिसेल ते उचलू नका. कमी पैशांत संग्रह करायचा तर पहिलं काम घरी बसून करायचं असतं. एक वही घ्या आणि तुम्हाला मनापासून आवडलेल्या दहा कादंबऱ्यांची नावं लिहा. समीक्षकांच्या यादीतली दहा नकोत, ज्या पुन्हा वाचाव्याशा वाटतात त्या दहा. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ‘यमुनापर्यटन’चा मान मोठा, १८५७ सालची ती. पण ती वाचून तुम्हाला काही झालं नसेल तर तिच्यावर पैसे घालू नका. त्याऐवजी शाळेत असताना ‘शितू’ने रडवलं असेल, तर ‘शितू’ लिहा.

मग प्रत्येक नावापुढे लिहा, ही मला कोणत्या रूपात हवी आहे. संग्रहातली खरी गंमत इथे सुरू होते. ‘मृत्युंजय’ १९६७ साली कॉन्टिनेन्टल प्रकाशनाने काढली, तिच्या मुखपृष्ठाचं काम दीनानाथ दलालांचं होतं. एका अख्ख्या पिढीने कर्ण पहिल्यांदा पाहिला तो दलालांच्या रंगांत. ‘कोसला’ १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने छापली तेव्हा तिचे लेखक नेमाडे पंचविशीत होते. पुढे ती पॉप्युलर प्रकाशनाकडे आली आणि बहुतेकांच्या घरी आज तीच प्रत आहे. ‘बनगरवाडी’ १९५५ साली मौजेने काढली, आता ती मेहता पब्लिशिंग हाऊसकडून मिळते. ‘रणांगण’ १९३९ साली ह. वि. मोटे यांनी प्रकाशित केली. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षी, युरोपातून निघालेल्या जहाजावरची ती गोष्ट वाचकांच्या हाती आली. एकाच कादंबरीला अशी दोन-तीन घरं लाभलेली असतात, आणि प्रत्येक घरचं वळण वेगळं. कागद वेगळा, टाइप वेगळा, समास वेगळा. तुम्हाला कोणतं रूप हवं ते ठरलेलं असेल तर दुकानात गेल्यावर मन भरकटत नाही आणि खिसाही रिकामा होत नाही.

पहिल्या आवृत्तीचा हट्ट मात्र धरू नका, हे अगदी निक्षून सांगतो. पहिली आवृत्ती अभ्यासकाला हवी असते, पाठभेद तपासायला. तिची जागा चांगल्या ग्रंथालयात आहे. तिच्या नावावर विक्रेता दहापट किंमत सांगतो, आणि हाती येते ती बऱ्याचदा वेष्टण हरवलेली, दोन पानं फाटलेली प्रत. तिसऱ्या-चौथ्या आवृत्तीत पहिल्या आवृत्तीतल्या छपाईच्या चुका सुधारलेल्या असतात, टाइप तोच असतो, मुखपृष्ठही पुष्कळदा तेच असतं, आणि ती दिसल्यावर विक्रेत्याचे डोळे चमकत नाहीत. पैसे मोजकेच असतील तर या मधल्या आवृत्त्यांसारखं दुसरं काही नाही.

आता प्रत हातात आल्यावर ती पाहायची कशी, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण पैसे वाचतात ते इथेच.

आधी शीर्षकाच्या पानाची मागची बाजू उघडा. आवृत्ती, प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठकार, मूल्य हे सगळं तिथे असतं. ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ असे दोन वेगळे शब्द दिसले तर नीट पाहा. पुनर्मुद्रणात मजकूर जसाच्या तसा छापलेला असतो, नव्या आवृत्तीत लेखकाने हात फिरवलेला असू शकतो, नवी प्रस्तावना जोडलेली असू शकते. फार जुन्या पुस्तकावर नुसतं शके दिलेलं असतं. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन निघतो. ते पानच फाटलेलं असेल, तर लेखनाकडे पाहा. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनाने मान्य केले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘तेथें’ असे डोक्यावर अनुस्वार जागोजागी दिसतात. नंतरही काही छापखान्यांनी जुनं वळण सोडलं नाही, त्यामुळे हा पुरावा पक्का नाही, पण दशकाचा अंदाज येतो. मग एखादं पान उलटं करून मागून हलकेच बोट फिरवा. खिळ्यांनी छापलेलं असेल तर अक्षरांचे उठाव बोटाला कळतात. ऑफसेटचं पान सपाट लागतं. मला स्वतःला खिळ्यांची छपाई फार आवडते. शाई कागदात मुरलेली असते आणि पिवळ्या दिव्यातही डोळ्यांना शीण होत नाही. तुमचं मत वेगळं असेल तर ऑफसेटची स्वच्छ प्रत घ्या, ती स्वस्तही पडेल.

यानंतर फर्मे मोजा. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्यांनी बनतं, त्या घडीला फर्मा म्हणतात. जुन्या पुस्तकांत दर सोळा पानांनंतर तळाशी बारीक आकडा असतो, कधी त्याच्याबरोबर पुस्तकाच्या नावाची आद्याक्षरंही असतात. ते आकडे क्रमाने येताहेत का, एवढं पाहिलं की मधला अख्खा फर्मा गळालेला नाही ना, हे दोन मिनिटांत कळतं. पहिली आणि शेवटची पानं तर पाहाच. गळतात ती हीच. पुस्तक उलटं धरून तळहातावर हलकेच आपटा. पिवळसर भुसा पडला तर आत कीड जिवंत असू शकते, ते पुस्तक कितीही आवडीचं असलं तरी तसंच घरच्या कपाटात नेऊन ठेवू नका. आणि शीर्षकाच्या पानावर किंवा प्रस्तावनेत ‘संक्षिप्त’ हा शब्द कुठे दडलाय का ते बघा. ह. ना. आपट्यांसारख्यांच्या ऐसपैस कादंबऱ्यांच्या संक्षिप्त आवृत्त्या निघालेल्या आहेत, आणि घाईत घेतलेलं पुस्तक अर्धंच निघालं तर वाईट वाटतं.

आपट्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत होती, १८९३ साली पुस्तक झालं. आपटे १९१९ साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणून त्यांची पुस्तकं आज कुणीही छापू शकतो. श्री. व्यं. केतकर, वा. म. जोशी यांचंही तसंच. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे २०११ पासून ‘श्यामची आई’ही सगळ्यांना मोकळी झाली. स्वस्तात घेणाऱ्याला ही पर्वणी आहे, पण जपून. हक्क संपले की चांगली आवृत्ती निघते तशी घाईची, मुद्रितं न तपासलेली आवृत्तीही निघते, आणि दुकानात दोन्ही शेजारी-शेजारी उभ्या असतात. यावर उपाय सोपा आहे. ग्रंथालयातल्या जुन्या प्रतीच्या कोणत्याही एका पानाचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा आणि दुकानातल्या प्रतीशी तेवढं एक पान ताडून पाहा. एका पानात तीन चुका निघाल्या तर पुस्तक खाली ठेवा. ‘पण लक्षात कोण घेतो?’ शक्यतो जुन्या लेखनाच्या आवृत्तीत मिळवावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. ती सगळी नायिका यमूच्या तोंडून येते. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याच्या घरातली बाई बोलते आहे, हे त्या जुन्या लेखनातून जितकं जाणवतं तितकं एकसारख्या केलेल्या आजच्या लेखनातून जाणवत नाही.

पुस्तकं मिळतात कुठे? पुण्यात जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो; तिथे लोखंडी सामानाच्या गराड्यात पुस्तकांचे ढीग असतात. अप्पा बळवंत चौकात पाठ्यपुस्तकांची गर्दी, पण मागे ललित पुस्तकंही निघतात. मुंबईत हुतात्मा चौकाचा फुटपाथ आणि माटुंगा. फुटपाथवर आता पूर्वीइतके विक्रेते राहिले नाहीत आणि मराठी पुस्तकांचा ढीग लहान असतो, त्यामुळे विचारावं लागतं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गेलात की विक्रेता तुम्हाला ओळखू लागतो आणि “साहेब, तुमचं एक ठेवलंय” असं म्हणून पोत्यातून काढून देतो. या माणसांशी दहा-वीस रुपयांसाठी फार ओढाताण करू नका. ऊन-पावसात बसून त्यांनी ते पुस्तक लगद्याच्या कारखान्यात जाण्यापासून वाचवलेलं असतं.

आपल्या पेठेतला, आळीतला रद्दीवाला हा त्याहून जवळचा स्रोत. त्याला एकदा सांगून ठेवा, की मराठी पुस्तकांचा गठ्ठा आला तर फोन कर, किलोच्या भावापेक्षा जास्त देईन. ग्रंथालयंही जीर्ण आणि जादा प्रती अधूनमधून काढून टाकतात. त्याला निर्लेखन म्हणतात. त्या प्रती विकायला निघाल्या की अगदी नाममात्र पैशांत मिळतात. शिक्के असतील, वेष्टण नसेल, पण मजकूर पुरा असतो. साहित्य संमेलनाचं ग्रंथप्रदर्शन, २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपासच्या सवलती, प्रकाशकांच्या प्रकाशनपूर्व योजना, यांच्या तारखा वहीत लिहून ठेवा. नवीन आवृत्ती घ्यायचीच असेल तर तेव्हाच घ्या. साहित्य अकादमी आणि नॅशनल बुक ट्रस्ट यांची मराठी पुस्तकं एरवीही परवडतात. अकादमीचं मुंबईचं कार्यालय दादर पूर्वेला आहे, तिथे जाऊन प्रत्यक्ष पाहून घेता येतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तर आपली कितीतरी प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. जी पुस्तकं नुसती वाचायचीत ती तिथून किंवा ग्रंथालयातून वाचा, आणि पैसे कपाटातल्या दहांसाठी राखा.

मोबाइलवरून जुनी पुस्तकं विकणारेही आता पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून घेताना मुखपृष्ठाचा फोटो बघून पैसे पाठवू नका. शीर्षकामागच्या पानाचा, कण्याचा आणि शेवटच्या पानाचा फोटो मागा. टपालखर्च धरून किंमत किती होते ते आधी विचारा. शंभराच्या पुस्तकाला ऐंशीचा टपालखर्च, असंही होतं.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’, ‘ययाति’ यांसारख्या खपाच्या कादंबऱ्यांच्या चोरून छापलेल्या प्रती रस्त्यावर सर्रास विकल्या जातात. मुखपृष्ठाचे रंग फुटलेले, अक्षरं पुसट, कागद इतका पातळ की मागचं पान दिसावं, आणि किंमत नव्या पुस्तकाच्या तिसऱ्या हिश्श्याने. पैशांची तंगी आहे म्हणून ती घेण्याचा मोह होतो. घेऊ नका. त्यातला एक पैसा लेखकाच्या घरी जात नाही, पैसे लावून पुस्तक बाजारात ठेवणाऱ्या प्रकाशकालाही मिळत नाही, आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्याची पानं सुटी होतात. त्याच पैशांत त्याच कादंबरीची तीस वर्षांपूर्वीची खरी प्रत मिळते, थोडं थांबायची तयारी हवी.

पैशांचं म्हणाल तर महिन्याची रक्कम ठरवा आणि ती वेगळी काढा. तीनशे म्हणा. एखाद्या महिन्यात मनाजोगतं काही मिळालं नाही तर ते तीनशे पुढच्या महिन्यात जाऊ द्या, “काहीतरी घ्यायचंच” म्हणून खर्चू नका. फुटपाथवरची साधी जुनी कादंबरी पन्नास ते दीडशेत येते. सहा महिने साठलेल्या पैशांतून एखादी वेष्टणासकटची चांगली प्रत येते. आणि तुमच्याकडच्या प्रतीपेक्षा बरी प्रत हाती लागली, तर आधीची कुणाला तरी वाचायला देऊन टाका. एकाच कादंबरीच्या चार प्रती कपाटात साठवल्या तर दुसऱ्या कुणाच्या यादीतली एक आपण अडवून ठेवतो.

घरी आणलेल्या पुस्तकाची निगा हा खर्चाचा विषयच नाही. भुसा पडलेलं पुस्तक घ्यावंच लागलं, तर ते प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात पंधरा दिवस ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पुस्तक घरातल्या हवेइतकं कोमट झालं की मग उघडा, नाहीतर पानांवर दव धरतं. मऊ ब्रशने कण्यातली धूळ काढा. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नका. काही वर्षांनी तिचा डिंक तपकिरी होऊन अक्षरं खातो. मैद्याची ताजी, पातळ खळ आणि पातळ कागदाची पट्टी पुरते. कणा सुटला असेल तर बाइंडरकडे न्या आणि शिवून बांधायला सांगा, जुजबंदी म्हटलं की त्याला कळतं. नुसत्या डिंकावर चिकटवून घेऊ नका. कडा कापू नका असं दोनदा बजावा, कारण बाइंडरच्या हाताला कडा सरळ करायची सवय असते आणि जुन्या पुस्तकाचा समास एकदा गेला की गेला. मूळ मुखपृष्ठ वेगळं काढून नव्या बांधणीच्या आत लावून मागा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, जिथे पावसाळ्यात भिंतच ओल धरते. पुस्तकं गच्च कोंबू नका, बोट जाईल एवढी हवा राहू द्या. दिवाळीच्या साफसफाईत सगळी बाहेर काढून एकदा चाळा. कसर लागली असेल तर तेव्हाच दिसते.

आणि वाचा ती. बोटं लावायची नाहीत अशी प्रत आपल्यासारख्यांच्या घरात काय कामाची? मुलांनाही उघडू द्या. माझ्याकडच्या एका ‘गारंबीचा बापू’वर कुणी पेन्सिलीने कोकणी शब्दांचे अर्थ समासात लिहिले आहेत, अगदी सुवाच्य अक्षरात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. विकणाऱ्याने त्या खुणांसाठी किंमत कमी केली. मला ती प्रत तशीच हवी होती.

शेवटचं काम पुन्हा त्या वहीचं. प्रत्येक पुस्तकापुढे आवृत्ती, साल, कुठून मिळालं आणि किती रुपयांना, एवढी ओळ लिहा. आपल्यामागे कपाट उघडणाऱ्याला कळायला हवं की यातलं काय रद्दीत द्यायचं नाही. घरात कुणाला गोडी नसेल तर आत्ताच जवळच्या एखाद्या ग्रंथालयाशी बोलून ठेवा. पुस्तकं घ्याल का, वेष्टणासकट ठेवाल का, जुन्या आवृत्त्यांसाठी वेगळं कपाट आहे का, हे स्पष्ट विचारा. ‘हो’ म्हणाले तर त्या ग्रंथालयाचं नाव आणि बोलणं झालेल्या माणसाचा फोन वहीच्या पहिल्याच पानावर लिहा, आणि ती वही कपाटात पुस्तकांच्या पुढे ठेवा, चटकन दिसेल अशी.